लेकाचं गुपित, आईचं पुस्तक

दोंडाईच्यात एखादी पोरगी कॉम्प्युटरची डिग्री घेऊन घरी आली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. आता नोकरीचं बघायचं की स्थळाचं? त्यात तिने मध्येच सांगितलं, की मला अजून दोन वर्षं शिकायचंय, सायबर सिक्युरिटीत एम.एस्सी. करायचंय, तर घर गप्प होतं. आजी ओट्यावरूनच विचारते, पोर काय शिकी ऱ्हायनी? आणि आईला काही सांगता येत नाही. डॉक्टरीण कळते, मास्तरीण कळते, बँकेतली बाई कळते. हे सायबर म्हणजे काय? फोनवरून पैसे गेले की पकडायला येतात ते पोलीस का?

तसं पाहिलं तर हे शिक्षण आता फार लांब राहिलेलं नाही. आपल्या जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात कॉम्प्युटरचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. सुरतेची गाडी धरून पुढे गांधीनगर गाठलं, तर तिथल्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात खास सायबर सुरक्षेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. अशा अभ्यासात दोन विषय चुकत नाहीत. एक म्हणजे कॉम्प्युटरला काय जमतं आणि काय कधीच जमणार नाही. दुसरा म्हणजे गुपित कसं राखायचं आणि दुसऱ्याचं कसं फोडायचं. गंमत बघा, या दोन्ही वाटा मागे मागे नेल्या तर एकाच माणसापाशी पोचतात. ॲलन ट्युरिंग त्याचं नाव. त्याला जाऊन ७० वर्षं होऊन गेली. त्याच्या आईलासुद्धा आपला मुलगा काय करतो हे धड सांगता येत नव्हतं. आणि ही आई जन्मली होती आपल्या देशात!

कोइमतूरजवळ पोदनूर नावाचं रेल्वेचं गाव आहे. तिथे १८८१ मध्ये एथेल सारा स्टोनी जन्मली. वडील मद्रास रेल्वेत मोठे इंजिनिअर. त्या काळी इंग्रज साहेबांची पोरं लहान वयातच विलायतेला पाठवून देत, तशी तिलाही आयर्लंडला मामाकडे पाठवलं गेलं. पुढे तिचं लग्न झालं ज्युलियस ट्युरिंग या सरकारी अधिकाऱ्याशी. ते आयसीएस, मद्रास इलाख्यात नेमणूक. छत्रपूरला, म्हणजे आज ओडिशात असलेल्या गावी, त्यांचं बिऱ्हाड होतं. थोरला मुलगा जॉन. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा साराबाई बाळंतपणासाठी इंग्लंडला गेल्या आणि २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये ॲलन जन्मला.

त्यानंतर जे झालं ते वाचताना आपल्यासारखीच्या पोटात कालवतं. ॲलन सव्वा वर्षाचा असताना त्याला आणि जॉनला समुद्रकाठच्या सेंट लिओनार्ड्स गावात एका निवृत्त कर्नलच्या घरी ठेवून साराबाई नवऱ्याकडे हिंदुस्थानात परतल्या. आई अधूनमधून यायची, काही महिने राहायची, पुन्हा बोटीत बसायची. पहिल्या महायुद्धात बोटींचा प्रवास धोक्याचा झाला म्हणून मात्र त्या तीनेक वर्षं मुलांजवळ राहिल्या. जे आपल्या वाट्याला आलं तेच त्यांनी पोरांच्या वाट्याला दिलं, असं म्हणावंसं वाटतं. पण तिथल्या साहेबांच्या घरात तेव्हा हीच रीत होती आणि तिच्याविरुद्ध जाणं एकट्या बाईच्या हातात नव्हतं, हेही खरं.

पोरगं मात्र वेगळंच होतं. तीनेक आठवड्यांत स्वतःचं स्वतः वाचायला शिकलं. मोडकी लाकडी खेळणी बागेत पुरून ठेवायचा, त्यातून नवी उगवतील म्हणून! डावं-उजवं कळेना तेव्हा डाव्या अंगठ्यावर लाल ठिपका काढून घेतला. शाळेत हॉकी खेळताना चेंडू कुठेही असो, हा वाकून डेझीची फुलं बघत उभा. आईने त्याचं तसंच एक चित्र काढलं, १९२३ मध्ये. हातात हॉकीची काठी, मागे सगळी पोरं खेळतायत, आणि हा पठ्ठ्या फुलात डोकं घालून. आईला मुलगा कळत नव्हता म्हणावं, तर हे चित्र बघा. तिला दिसत होतं सगळं.

१९२६ मध्ये शेरबोर्नच्या निवासी शाळेत दाखला मिळाला. नेमका त्याच दिवसांत इंग्लंडभर मोठा संप. गाड्या बंद. १३ वर्षांच्या ॲलनने साउदॅम्प्टनला बोटीतून उतरून सायकल काढली आणि ६० मैल, म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटर, तोडून शाळा गाठली. आपल्याकडे अशा मुलाची मास्तरांनी पाठ थोपटली असती, नाही का? तिथेही कौतुक झालं, पण तेवढ्यापुरतंच. अक्षर घाण, वह्यांवर शाईचे डाग, इंग्रजीत शेवटचा नंबर. गणिताची उत्तरं बरोबर, पण पायऱ्या लिहीत नाही. हेडमास्तरांचं मत असं पडलं, की याला नुसतं विज्ञानच करायचं असेल तर या शाळेत तो वेळ फुकट घालवतोय.

त्या शाळेत त्याला एकच जिवाभावाचा दोस्त मिळाला. ख्रिस्तोफर मॉरकॉम. एक वर्ष पुढे, गणितात हुशार, अक्षर मोत्यासारखं. दोघं मिळून ग्रहतारे बघायचे, कोडी सोडवायचे. फेब्रुवारी १९३० मध्ये ख्रिस्तोफर अचानक गेला. लहानपणी गाईच्या दुधातून झालेला क्षय आतल्या आत वाढत होता. ॲलन तेव्हा १७ वर्षांचा. तो ख्रिस्तोफरच्या आईला पत्रं लिहू लागला आणि पुढे कितीतरी वर्षं लिहीत राहिला. मित्राचं शरीर गेलं, मग त्याचं ते तल्लख मन कुठे गेलं? हा प्रश्न त्याच्या डोक्यातून कधी गेलाच नाही. मन म्हणजे काय, आणि यंत्राला ते असू शकेल का, असं तो पुढे वीस वर्षांनी विचारणार होता.

१९३१ मध्ये केंब्रिजला किंग्ज कॉलेजात गणिताला प्रवेश मिळाला. १९३४ मध्ये पहिल्या वर्गात पास. १९३५ मध्ये, अवघ्या २२व्या वर्षी, कॉलेजने त्याला फेलो केलं. वर्षाला ३०० पौंड, आणि त्याबदल्यात हवा तो अभ्यास कर. अमुक इतकी मुलं शिकव नाही, तमुक परीक्षा दे नाही. पदव्युत्तर अभ्यासाचं खरं सुख हे, की डोक्यात आलेल्या प्रश्नाला कुणी वेळ देतं. आपल्याकडे पोरीने एम.एस्सी.ला नाव घातलं की शेजारी विचारतात, पॅकेज किती? असो.

प्रश्न काय होता ते सांगते, घाबरू नका. गणितातलं कुठलंही विधान समोर ठेवलं, तर ते सिद्ध करता येईल की नाही हे ठरवून देणारी एखादी ठरलेली रीत असू शकते का? त्याच्या मास्तरांनी, मॅक्स न्यूमन यांनी, वर्गात हा प्रश्न मांडला होता. ॲलनने आधी ठरलेली रीत म्हणजे काय ते पकडलं. आता तुम्ही स्वेटर विणता ते डोळ्यापुढे आणा. एक सुलट, दोन उलट, ओळ संपली की फिरवा, अमुक टाके झाले की घटवा. नमुना कागदावर लिहिलेला असेल तर विणणारीला अक्कल वापरावी लागत नाही. समोरचा टाका बघायचा, कागदावरचा नियम बघायचा, हात चालवायचा. ॲलनने असंच एक यंत्र मनातल्या मनात केलं. चौकोन पाडलेली एक लांबच लांब पट्टी. यंत्र एका वेळी एक चौकोन बघतं, नियमाप्रमाणे खूण लिहितं किंवा पुसतं, एक घर पुढे नाहीतर मागे सरकतं. बस्स, एवढंच. पण माणूस कागद-पेन्सिल घेऊन जो जो हिशोब नियमाने करू शकतो, तो सगळा या यंत्राला करता येतो.

पुढची पायरी त्याहून भारी. प्रत्येक कामाला वेगळं यंत्र कशाला? नमुन्याचा कागदच पट्टीवर लिहून दिला तर एकच यंत्र कुठलंही काम करेल! आज तुमच्या हातातल्या फोनवर गाणी वाजतात, तोच फोन वीजबिल भरतो, तोच फोटो काढतो. ही कल्पना १९३६ मध्ये २४ वर्षांच्या पोराने लिहून ठेवली, जेव्हा जगात एकही असा कॉम्प्युटर नव्हता. आणि त्याच लेखात त्याने दाखवून दिलं, की काही प्रश्न असे आहेत जे कुठल्याही यंत्राला कधीच सुटणार नाहीत. कागदावरचा नमुना बघून हे विणकाम कधी संपेल की जन्मभर चालूच राहील, हे हरेक नमुन्याबाबत आधीच सांगणारी युक्ती असूच शकत नाही. म्हणून तर आजही जगातला प्रत्येक व्हायरस हमखास आधीच ओळखेल असं सॉफ्टवेअर कुणी देऊ शकत नाही. सायबर सुरक्षा शिकणाऱ्या मुलामुलींना हे गणिताने पटवून दिलं जातं.

दुर्दैव असं, की हेच उत्तर अमेरिकेत प्रिन्स्टनच्या अलोन्झो चर्च यांनी वेगळ्या वाटेने काढून थोडं आधी छापलंही होतं. दुसरा कुणी असता तर खट्टू होऊन बसला असता. ॲलनने काय केलं? त्याच चर्चसाहेबांकडे पुढे शिकायला जायचं ठरवलं! सप्टेंबर १९३६ मध्ये बोटीच्या सगळ्यात स्वस्त वर्गाचं तिकीट काढून तो निघाला. तिथे शिष्यवृत्तीला अर्ज केला, पहिल्या वर्षी मिळाली नाही, दुसऱ्या वर्षी मिळाली. १९३८ मध्ये पीएच.डी. पुरी केली.

त्याच्या आयुष्यातला हा प्रिन्स्टनचा काळ मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रिन्स्टनला गेल्यागेल्याच त्याने आईला पत्रात लिहिलं होतं, की माझ्या या अभ्यासाचा एक उपयोग मला सापडलाय. त्यातून फार अवघड सांकेतिक लिप्या करता येतात आणि सरकारला त्या बऱ्या किमतीला विकता येतील. पण हे करणं नीतीला धरून होईल का, अशी शंकाही त्याने आईजवळच काढली. तिला गणित कळत नव्हतं, पण बरंवाईट विचारायला त्याला आईच आठवली. पुढे तिथल्या वर्कशॉपात त्याने स्वतःच्या हाताने विजेवर चालणारं गुणाकाराचं यंत्रही बांधायला घेतलं. संदेशाचे आकडे करायचे, ते एका मोठ्या गुप्त आकड्याने गुणायचे, आणि उत्तर पाठवायचं. दिवसा तर्कशास्त्राचा प्रबंध आणि बाकी वेळ तारा आणि स्विच. म्हणजे कॉम्प्युटर सायन्स आणि सायबर सुरक्षा, दोन्हीचं पदव्युत्तर शिक्षण एकाच वेळी चालू होतं, फक्त त्या विषयांना अजून नावं पडायची होती.

अमेरिकेत राहायची संधी होती. फॉन नॉयमनसारख्या नामवंत गणितज्ञाने मदतनीस म्हणून बोलावलं, वर्षाला दीड हजार डॉलरवर. पण युरोपात युद्धाचे ढग जमले होते. ॲलन १९३८ च्या उन्हाळ्यात घरी परतला आणि सरकारच्या संकेत फोडणाऱ्या खात्याकडे अधूनमधून जाऊ लागला. ३ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंडने जर्मनीशी युद्ध पुकारलं. ४ तारखेला तो ब्लेचली पार्क नावाच्या बंगल्यावर हजर झाला. घरी एवढंच माहीत, की सरकारी काम आहे.

जर्मन फौजा एनिग्मा नावाचं यंत्र वापरत. दिसायला टाइपरायटरसारखं. एक अक्षर दाबलं की आतल्या चाकांतून वीज फिरून वर दुसऱ्याच अक्षराचा दिवा लागायचा, आणि प्रत्येक वेळी चाक एक घर सरकायचं. म्हणजे तेच अक्षर पुन्हा दाबलं तर आता तिसराच दिवा! चाकं कुठली, कुठे लावायची, समोरच्या वायरी कशा जोडायच्या, ही त्या दिवसाची किल्ली. अशा किल्ल्या किती होऊ शकतात? १५९ वर १८ शून्यं, इतक्या. आणि रात्री १२ ला किल्ली बदलायची. हे कोडं सगळ्यात आधी फोडलं होतं पोलंडच्या तीन तरुण गणितज्ञांनी, रेयेव्स्की, रुझित्स्की आणि झिगाल्स्की यांनी, १९३२ पासून. युद्धाच्या तोंडावर जुलै १९३९ मध्ये त्यांनी आपलं सगळं ज्ञान इंग्रज आणि फ्रेंचांच्या हवाली केलं. सिनेमात त्यांना फारशी जागा मिळत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मग ॲलनने काय केलं? त्याने माणसांच्या सवयी पकडल्या. आपल्या आजीची जुनी पत्रं आठवा. वर श्री, मग सा.न.वि.वि., शेवटी कळावे, लोभ असावा. ती पत्रं कुणी गुप्त लिपीत लिहिली असती तरी पहिली ओळ काय असणार हे तुम्ही आम्ही डोळे मिटून सांगितलं असतं. जर्मन शिपायांचंही तसंच. रोज ठरावीक वेळी हवामानाचा संदेश, त्यात हवामान हा शब्द हमखास. शिवाय एनिग्मात एक खोट होती. कुठलंही अक्षर स्वतःच्या रूपात कधीच बाहेर येत नसे. क दाबला तर काहीही येईल, क येणार नाही. मग अंदाजाचा शब्द संदेशाखाली सरकवत न्यायचा, जिथे अक्षरावर तेच अक्षर येतं ती जागा बाद. उरलेल्या जागा तपासायला ॲलनने बॉम्ब नावाचं कपाटाएवढं यंत्र आखलं. पहिलं मार्च १९४० मध्ये आलं. गॉर्डन वेल्चमन या सहकाऱ्याने त्यात मोलाची सुधारणा केली आणि युद्ध संपेपर्यंत अशी दोनशेच्या वर यंत्रं झाली.

ती चालवत होत्या बायका, बरं का! नौदलाच्या महिला शाखेतल्या विशी-बाविशीच्या पोरी, तीन पाळ्यांत, यंत्राच्या खडखडाटात आणि तेलाच्या वासात उभं राहून. ब्लेचलीच्या कामावर शेवटी शेवटी नऊ हजारांच्या आसपास माणसं होती आणि त्यातल्या चारातल्या तीन स्त्रिया. १९४१ मध्ये हात कमी पडू लागले, वरिष्ठ ऐकेनात. तेव्हा ट्युरिंग, वेल्चमन आणि आणखी दोघांनी वरच्या साहेबांना डावलून सरळ पंतप्रधान चर्चिल यांना पत्र लिहिलं. मागणं काय, तर काही कारकून, टायपिस्ट आणि यंत्रावरच्या मुली द्या. चर्चिलने लगेच हुकूम काढला.

ॲलनच्या वाट्याला नौदलाची एनिग्मा होती, सगळ्यात चिवट. त्यावर इंग्लंडची चूल अवलंबून होती. धान्य, साखर, तेल सगळं बोटींनी यायचं आणि जर्मन पाणबुड्या त्या बुडवायच्या. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या तिथल्या बायकांना ठाऊक नव्हतं, की त्यांच्या वाटणीची साखर घेऊन येणारी बोट कुणीतरी एका लाकडी शेडमध्ये बसून वाचवतंय. सगळं श्रेय त्या शेडचंच नाही म्हणा. भर समुद्रात जर्मन बोटींवर चढून सांकेतिक वह्या काढून आणणारे खलाशीही होते, आणि त्यात काही बुडाले.

त्या शेडमध्ये १९४० मध्ये एक मुलगी आली, जोन क्लार्क. केंब्रिजला गणितात पहिला वर्ग, पण पदवी नाही. कारण? केंब्रिज बायकांना पूर्ण पदवी १९४८ पर्यंत देतच नव्हतं! आठवड्याला दोन पौंडांवर कारकून म्हणून घेतलं. थोड्याच दिवसांत तिला ॲलनच्या टेबलाशी बसवलं. पगार वाढवायचा तर बाईसाठी त्या कामाची श्रेणीच नव्हती. मग कागदोपत्री तिला भाषातज्ज्ञ दाखवलं. ती गमतीने फॉर्म भरायची, पद भाषातज्ज्ञ, येणाऱ्या भाषा एकही नाही.

ॲलन आणि जोनचं चांगलं जमलं. बुद्धिबळ, फुलझाडं, लांबलांब सायकली. ॲलनला विणकामही येत होतं, काय! त्याने स्वतःसाठी हातमोजे विणले होते, पण बोटांची टोकं बंद करता येत नव्हती. ते जोनने दाखवलं. १९४१ मध्ये त्याने तिला मागणी घातली, तिने हो म्हटलं. दुसऱ्याच दिवशी त्याने सांगून टाकलं, की माझा ओढा पुरुषांकडे आहे. जोन डगमगली नाही. घरच्यांच्या भेटी झाल्या, अंगठी झाली. पण काही महिन्यांनी त्याला वाटलं, हे तिच्यावर अन्यायाचं होईल. त्याने साखरपुडा मोडला. मैत्री मात्र टिकली. आपल्याकडे किती पोरींना लग्नानंतर कळतं, आणि मग जन्मभर कुणाला सांगता येत नाही. त्या दिवसांत, तसला कायदा डोक्यावर असताना, त्याने आधी सांगितलं याला मी फार किंमत देते.

युद्धाच्या शेवटी त्याने बोलणंच गुप्त करणारं यंत्र केलं, डिलायला नावाचं. ते चाललं, पण युद्धच संपत आलं आणि वापरात आलं नाही. १९४५ नंतर लंडनला त्याने खऱ्या कॉम्प्युटरचा आराखडा काढला, १९४८ पासून मँचेस्टरच्या विद्यापीठात काम केलं. १९५० मध्ये यंत्र विचार करू शकेल का यावर लेख लिहिला. आज एआय म्हणून जे काही चाललंय त्याची चर्चा अजून त्या लेखापासून सुरू होते. मध्येच धावायचं वेड. १९४७ मध्ये मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत! १९५२ मध्ये तर प्राण्यांच्या अंगावर ठिपके आणि पट्टे कसे उमटतात याचं गणित मांडलं. लहानपणी हॉकी सोडून बघितलेली फुलं शेवटी कामाला आली म्हणायची.

त्याच वर्षी घात झाला. जानेवारी १९५२ मध्ये घरी चोरी झाली म्हणून तो पोलिसांत गेला. चौकशीत त्याचे एका तरुणाशी असलेले संबंध उघड झाले. चोर राहिला बाजूला, १८८५ च्या कायद्याखाली ॲलनच आरोपी झाला. कोर्टाने सांगितलं, तुरुंग नाहीतर वर्षभर हार्मोनचे उपचार. त्याने उपचार घेतले. शरीर बदललं, पुरुषाला छाती येऊ लागली. गुप्त खात्याचं दार बंद झालं. ज्याने देशाचं सगळ्यात मोठं गुपित सांभाळलं, त्याच्यावर भरवसा नाही असं ठरलं.

७ जून १९५४ रोजी तो विल्म्सलोच्या घरी गेला. दुसऱ्या दिवशी कामवाल्या बाईला सापडला. वय ४१. पोटात सायनाइड, उशाशी अर्धवट खाल्लेलं सफरचंद. ते सफरचंद कुणी तपासलंसुद्धा नाही. चौकशीत आत्महत्या म्हणून नोंद झाली. साराबाईंना ते कधीच पटलं नाही. घरात तो चमच्यांना सोन्याचा मुलामा द्यायचे प्रयोग करायचा, त्याला सायनाइड लागतं, हात न धुता काहीतरी खाल्लं असेल, असं त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. लहानपणापासून मी त्याला हात धू म्हणून सांगत होते, हे कुठल्या आईला म्हणावंसं वाटणार नाही?

आणि मग सत्तरी ओलांडलेल्या या बाईने पोराचं चरित्र लिहायला घेतलं. शाळेतली पत्रं, प्रगतिपुस्तकं, ओळखीच्यांच्या आठवणी जमवल्या. गणितवाल्यांना गाठून त्याच्या कामाबद्दल विचारून घेतलं. १९५९ मध्ये पुस्तक निघालं तेव्हा त्या ७७ वर्षांच्या होत्या. त्यात पुरलेली खेळणी आहेत, सायकलचे ६० मैल आहेत, धावण्याच्या शर्यती आहेत. कोर्टाचा खटला नाही. आणि युद्धाची सहा वर्षं जवळजवळ कोरी आहेत, कारण त्या वर्षांत मुलाने काय केलं हे आईला कुणी सांगितलंच नव्हतं. सरकारने १९४६ मध्ये त्याला मानाची पदवी दिली होती, एवढं ठाऊक. ती कशासाठी, हे गुपित. ब्लेचलीतल्या हजारो बायकांनीही ते नवऱ्याला, आईबापांना सांगितलं नव्हतं.

१९७४ मध्ये एका निवृत्त अधिकाऱ्याच्या पुस्तकाने ते पहिल्यांदा इंग्रजीत उघड केलं. साराबाई तेव्हा ९२ वर्षांच्या होत्या. १९७६ मध्ये त्या गेल्या.

पुढचं सगळं त्यांच्या माघारी झालं. २००९ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी ॲलनला दिलेल्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली, २०१३ मध्ये राणीने शिक्षा माफ केली, २०२१ मध्ये ५० पौंडांच्या नोटेवर त्याचं चित्र आलं. इंग्रजांनी १८६० मध्ये आपल्याकडे आणलेलं ३७७ कलम आपल्या सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. कॉम्प्युटरच्या क्षेत्रात नोबेलच्या तोडीचं मानलं जाणारं पारितोषिक १९६६ पासून ट्युरिंगच्या नावाने देतात. २०१२ सालचं ते शाफी गोल्डवासर या बाईंना सिल्व्हिओ मिकाली यांच्यासह मिळालं, गुप्त लिपीच्या गणितासाठी. दोघांनी त्या कामाची सुरुवात केली तेव्हा ते बर्कलीला पदव्युत्तर विद्यार्थी होते. तुमचा फोन आणि बँक यांच्यात जे चालतं ते तिसऱ्याला वाचता येत नाही, ते असल्याच गणितामुळे. चोर ते कुलूप फोडत नाही, तो तुम्हालाच फोन करून ओटीपी विचारतो. एनिग्माच्या शिपायासारखी सवय पकडतो आपली. (पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर लगेच कळवायचं, हे जाता जाता.)

साराबाईंचं पुस्तक २०१२ मध्ये, ॲलनच्या जन्माला १०० वर्षं झाली तेव्हा, पुन्हा छापलं. या वेळी थोरल्या भावाने, जॉनने, लिहिलेल्या आठवणीही त्यात घातल्या. आईशी तो सगळीकडे सहमत नाही. आईने जे गाळलं ते त्याने सांगितलंय. एकाच पुठ्ठ्यात दोघांचं लिहिणं आहे, आधी आईचं आणि मागून भावाचं.